मधल्या सीटवरून

एखाद्या गोष्टीची नेमकी व्याख्या हवी असेल, तर कवीकडे किंवा तत्त्वज्ञाकडे न जाता कर बसवणाऱ्याकडे जावं. एसयूव्ही कशाला म्हणायचं यावर कट्ट्यावर तासन्‌तास वाद चालतो. जीएसटीवाल्यांनी मात्र तो चार ओळींत मिटवला होता. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. आणि या मापांच्या जोडीला आणखी एक अट होती: ती गाडी लोकांमध्ये एसयूव्ही म्हणून ओळखली जात असली पाहिजे. ‘लोक काय म्हणतात’ याला सरकारी कागदात इतका मान क्वचितच मिळाला असेल. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेच्या पन्नासाव्या बैठकीत तो मान काढून घेतला गेला. नाव काहीही असो, मापात बसली की कर, असं ठरलं. शिवाय उंची मोजायची ती रिकाम्या गाडीची, असाही खुलासा झाला. तो वाचून मला हसू आलं, कारण आमच्या नात्यागोत्यात रिकामी गाडी मी कधी पाहिलेली नाही.

व्याख्या आली की तिच्या अगदी कडेला घर बांधणारेही येतात. ह्युंदाईची क्रेटा घ्या. लांबी ४३३० मिलिमीटर, जमिनीपासूनची उंची १९० मिलिमीटरच्या आसपास. दोन मापांत ती उघड उघड एसयूव्ही. पण इंजिनं? साधं पेट्रोल १४९७ सीसी, डिझेल १४९३, टर्बो पेट्रोल १४८२. तिन्ही १५०० च्या जेमतेम अलीकडे. त्यामुळे कर आणि सेस मिळून पन्नास टक्के व्हायचे ते पंचेचाळीसच व्हायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि चार मीटरवरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट ४० टक्के लागू झाले. इंजिनं मात्र होती तिथंच राहिली. कर बदलला म्हणून इंजिन बदलत नाही, आणि भाव उतरला म्हणून आमच्या भावोजींचं समाधान होत नाही.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या घराण्यात कोणी गाडी घ्यायची म्हटलं की मला बोलावणं येतं. मी जाणकार वगैरे नाही. पण कोणतंही माहितीपत्रक शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या अटींसकट वाचायची मला सवय आहे, आणि नातेवाइकांत एवढ्या भांडवलावर तज्ज्ञ होता येतं. या खेपेला गिऱ्हाईक होता माझा भाचा. नोकरी हिंजवडीत, राहायला कोथरूडच्या एका जुन्या इमारतीत. आईवडील साताऱ्याला, आणि आईचं, म्हणजे आमच्या ताईचं, माहेर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पुढे. त्याच्या मनात नव्या रूपातली क्रेटा भरली होती. “मामा, तुम्ही फक्त एकदा बघून सांगा,” असं तो म्हणाला. ‘फक्त एकदा बघून सांगा’ याचा अर्थ ‘मी ठरवलेलं आहे, तुम्ही आईबाबांना सांगा’ असा असतो, हे मामा झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तर आधी नवं रूप. क्रेटा भारतात पहिल्यांदा आली जुलै २०१५ मध्ये. मार्च २०२० मध्ये ती मुळापासून बदलली. १६ जानेवारी २०२४ ला जी आली, ती त्या दुसऱ्या पिढीलाच नवा चेहरा देऊन. पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी, मागेही तशीच. जाळी नवी, डॅशबोर्ड नवा, त्यावर सव्वादहा इंचांचे दोन पडदे एका सपाट पाटीत जोडून बसवलेले. चालक आणि शेजारचा यांना एसीचं तापमान वेगवेगळं ठेवता येतं, त्यामुळे निदान एका वादात तरी नवराबायको दोघंही जिंकू शकतात. जुनं १.४ लिटरचं टर्बो इंजिन गेलं आणि १६० पीएस ताकदीचं १.५ लिटरचं टर्बो आलं. आणि बदललं नाही ते काय? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६१० मिलिमीटर, ते तेवढंच. डिकी ४३३ लिटरची, ती तेवढीच. चाळीला दर्शनी बाजूनं रंग दिला, नवी पाटी लावली, गच्चीवर दिवे सोडले, तरी जिना तोच असतो, पायऱ्यांची उंचीही तीच. यात फसवणूक कसलीच नाही. फक्त चाळीत राहायला जाणाऱ्यानं जिना चढून बघावा.

भावोजींनी नव्या रूपाकडे फारसं पाहिलं नाही. “गाडी आपल्या तळेगावची ना?” एवढंच त्यांनी विचारलं. तळेगावचा कारखाना पूर्वी जनरल मोटर्सचा. त्या कंपनीनं २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, पुढे तो कारखाना ह्युंदाईनं घ्यायचा ठरवला, आणि व्यवहार पुरा झाला तो जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे नेमका ही नवी क्रेटा आली त्या महिन्यात. त्यावरून भावोजींनी परस्पर संबंध जुळवला होता. पण ही क्रेटा यायची ती चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरहून. मराठी मातीतलीच हवी असेल तर स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन या दोघी चाकणच्या, असं मी सुचवलं. “त्यांचे मालक कुठले?” भावोजींनी विचारलं. मी विषय बदलला.

आमचा ताफा शोरूमला पोचला तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाडी एकच उभी होती, पण प्रत्येक जण वेगळीच गाडी बघत होता.

भाचा बघत होता टर्बो. १६० पीएस हा आकडा तो इतक्या प्रेमानं उच्चारत होता की जणू बाणेर ते हिंजवडी रस्ता रात्रीतून रिकामा होणार आहे. खरं तर त्या रस्त्यावर संध्याकाळी ११५ पीएसचं साधं पेट्रोल इंजिनही निवांत डुलकी काढतं. टर्बोची मजा आहे, नाही असं नाही. घाटात ट्रकच्या पुढे जायचं असेल तर ती ताकद नुसती हौस न राहता सोय होते. पण या गाडीत टर्बोबरोबर मिळतो तो डीसीटी गिअरबॉक्स. दोन क्लचचा हा प्रकार पळताना झकास असतो, मुंगीच्या पावलांनी सरकताना थोडा कुरकुरतो. साध्या पेट्रोलबरोबरचा आयव्हीटी पळताना फारसा उत्साह दाखवत नाही, पण सरकताना जराही तक्रार करत नाही. ज्याचा बहुतेक प्रवास सरकण्याचाच आहे, त्यानं कोणता स्वभाव घरी आणावा हे उघड आहे. उघड असतं तेच भाच्यांना पटत नाही.

भावोजी बघत होते ‘किती देते’. मराठी माणसाला या प्रश्नात क्रियापदाचं कर्म लागत नाही. कागदावरचे आकडे असे: साधं पेट्रोल मॅन्युअल लिटरला १७.४ किलोमीटर, डिझेल मॅन्युअल २१.८. हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथं सिग्नल नसतो, एसीवरून भांडण नसतं आणि मागे आंब्याच्या पेट्या नसतात. भावोजींचा कल डिझेलकडे होता, कारण त्यांच्या मते डिझेल म्हणजे बचत. मी वहीत मांडून दाखवलं. डिझेलची गाडी दीड लाखाच्या आसपास महाग. वर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रस्ताकर १२ टक्के, तर डिझेलला १४. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्याला हा फरक इंधनातून वसूल व्हायला सात-आठ वर्षं लागतात, थोडी जास्तच. भावोजींनी वही दोनदा तपासली आणि म्हणाले, “मग आठ वर्षांनी फायदाच की.” डिझेलच्या बाजूचा खरा मुद्दा वेगळाच आहे. २५० न्यूटन मीटरचा तो जोर पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन घाट चढताना कामाला येतो, गिअर वारंवार बदलावा लागत नाही. साध्या पेट्रोलचा जोर १४४. बचतीसाठी म्हणून डिझेल घेणाऱ्यानं आपण घाटासाठी घेतोय असं स्वतःला सांगितलं, तर हिशेबही जुळतो आणि मनही.

सून, म्हणजे भाच्याची बायको, बघत होती पार्किंग. या सगळ्यांत तीच एक जमिनीवर होती. त्यांची इमारत बांधली तेव्हा मोटार म्हणजे मारुती ८००. ती लांबीला सव्वातीन मीटरच्या थोडी पुढे, रुंदीला १४४० मिलिमीटर. क्रेटा तिच्यापेक्षा जवळपास एक मीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद. आजच्या नियमांत मोठ्या गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. जुन्या इमारतीत खांबांनी आपापसांत ठरवून जेवढी जागा सोडली असेल तेवढी. गाडी आत जाईल हो, पण चालकानं बाहेर कसं यायचं? वरच्या प्रकारात चारही बाजूंचे कॅमेरे आहेत, खांब पडद्यावर सुरेख दिसतो. पण दिसल्यानं खांब सरकत नाही. सुनेनं पर्समधून टेप काढली आणि शोरूममधल्या चकचकीत फरशीवर आरसे उघडे ठेवून रुंदी मोजली. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर मला प्रथमच आदर दिसला. माझा सल्ला एवढाच, की घराबाहेर पडताना टेप बरोबर ठेवावी. गाड्यांविषयी लिहिणारे शून्य ते शंभर किती सेकंदांत हे मोजतात. दार किती उघडतं हे कोणी मोजत नाही, आणि आयुष्यात शून्य ते शंभरपेक्षा दार जास्त वेळा उघडावं लागतं.

नात बघत होती आकाश. पॅनोरमिक सनरूफ हा प्रकार निघाला तो ऊन दिसावं म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात साताऱ्याच्या रस्त्यावर ऊन दिसावं अशी इच्छा कोणाला होते, कोणास ठाऊक. पण सनरूफ नाही म्हणून गाडी नाकारणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे मान तुकवणारे बापही. नातीला मी आधीच बजावलं, की चालत्या गाडीत त्यातून डोकं बाहेर काढायचं नाही. तिनं मान हलवली. त्या हलण्याची दिशा मला कळली नाही. मोठ्यांसाठी वेगळी सूचना. सनरूफच्या चारी कोपऱ्यांना पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. बुचाच्या किंवा गुलमोहराच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर पाकळ्या आणि माती तिथं जाऊन बसतात. पावसाळ्याआधी त्या साफ करून घ्याव्यात. नाहीतर पहिल्या वळवात आकाश आत येतं.

मग आली सुरक्षितता. इथं नव्या रूपाला मनापासून दाद द्यावी लागते. आधीच्या क्रेटाला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाचपैकी तीन तारे मिळाले होते, दोन एअरबॅगच्या गाडीला. त्याच वर्षी त्या चाकणच्या दोघींनी पाच तारे मिळवले. नव्या क्रेटात सहा एअरबॅग सगळ्याच प्रकारांत आहेत, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि प्रत्येक सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे. सांगाडाही अधिक मजबूत केल्याचं कंपनी सांगते. हे बदल शोरूमच्या दिव्यात दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी कोणी विचारत नाही. विक्रेताही आधी सीटच्या पंख्याविषयी सांगतो.

वरच्या प्रकारांत अडास आहे. पुढची गाडी, माणूस, रस्त्यावरचे पट्टे ओळखून गाडी स्वतःच वेग आवरते, ब्रेक लावते, स्टिअरिंगला हलकंसं वळण देते. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर सरळसोट जाताना, डोळ्यांवर झापड येऊ लागते तेव्हा ही राखण मोलाची आहे. शहरात मात्र तिचा आणि आपला तत्त्वाचा मतभेद होतो. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवावं असं तिला वाटतं. त्या अंतरात रिक्षा बसते असं रिक्षावाल्याला वाटतं. तिनं मग त्या रिक्षापासून अंतर सोडलं, की तिथं दुचाकी येते. ही सभ्यता अशीच चालू राहिली तर कर्वे रस्त्यावर गाडी हळूहळू मागे मागे जाऊन डेक्कनला पोचेल. पट्टा सोडल्यावर ती सावध करते, पण जिथं पट्टाच पुसला गेलाय तिथं ती बापडी गप्प बसते. या एका बाबतीत ती अस्सल पुणेकर झाली म्हणायला हरकत नाही. हिंग्लिशमध्ये दिलेल्या आज्ञाही तिला कळतात. घरात ज्यांची आज्ञा कोणी ऐकत नाही अशा गृहस्थांना त्याचं फार अप्रूप वाटलं. भावोजी बराच वेळ एसी कमी-जास्त करवून घेत बसले होते.

उंचीचा विषय निघाल्याशिवाय आपल्याकडे एसयूव्हीची चर्चा पुरी होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणकात गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिलेली आहे, चढ इतका सावकाश की चहाचा कप सांडू नये. गल्लीतले गतिरोधक मात्र स्वयंभू असतात. कोणीतरी रात्रीतून डांबर ओततो आणि सकाळी तिथं सह्याद्रीची एक उपरांग उभी असते. १९० मिलिमीटर त्यासाठी पुरे पडतात, पण माणसं बसली, सामान भरलं की त्यातली काही वजाही होतात. आणि एवढी उंची असूनही ही गाडी चारचाकी ओढीची नाही. ताकद फक्त पुढच्या चाकांना. शेतात, वाळूत, लाल चिखलात जायचंच असेल तर ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरचा चारही चाकांना ताकद देणारा प्रकार आहे, नाहीतर शिडीच्या सांगाड्यावरची, चाकणचीच स्कॉर्पिओ-एन. क्रेटा ही उंच टाचांची मोटार आहे, जीप नाही. यात कमीपणा नाही. सांगाडा आणि बॉडी एकजीव असल्यामुळेच ती डांबरावर मोटारीच्या सुखानं चालते. फक्त एक बारकी सूचना. वरच्या प्रकारात १७ इंचांची चाकं दिमाखदार दिसतात, खालच्यांत १६ इंचांची. लहान चाकाच्या टायरला बाजूचं रबर थोडं जास्त मिळतं. ते खड्डा जास्त सोसतं, आणि बदलायची वेळ आली की खिशालाही ते सोसवतं.

डिकी ४३३ लिटर. लिटरवर डिकी मोजणं हा प्रकार मला आजवर उमगलेला नाही. आपण काही डिकीत ताक ओतत नाही. आमचं माप वेगळं: दोन मोठ्या बॅगा, एक छोटी, तांदळाचं अर्धं पोतं, नारळ, आणि चिपळूणच्या पुढून निघताना ऐनवेळी कोणीतरी हातात ठेवलेला फणस. होंडाच्या एलेव्हेटची डिकी कागदावर ४५८ लिटर, म्हणजे पंचवीस जास्त. तेवढ्यात फणस बसेल का, हे फणसावर आहे.

आता या सगळ्या गाड्यांमध्ये आमची ताई कुठली गाडी बघत होती? तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती आत जाऊन मागे, मधे बसली होती. सवयीनं. आमच्या घरच्या प्रवासाची बैठक ठरलेली आहे. भाचा चालवतो. भावोजींचे गुडघे दुखतात म्हणून ते पुढे. नातीला खिडकी हवी. सुनेला घाटात मळमळतं म्हणून दुसरी खिडकी तिला. उरलेल्या जागी ताई. कोणत्याही कुटुंबात मधली सीट कोणाची असते? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची.

मोटारींची परीक्षणं वाचून बघा. ती लिहिलेली असतात चालकाच्या सीटवरून. फार तर परीक्षक मागे जाऊन खिडकीशी बसतो आणि गुडघ्यापुढे किती बोटं जागा उरते ते सांगतो. माहितीपत्रकातल्या चित्रात मागच्या सीटचा मधला हात खाली घेतलेला असतो आणि त्यात दोन पेले ठेवायची सोय असते. म्हणजे पाचवा माणूस हा कंपनीच्या हिशेबात दोन कप कॉफी आहे. नवं रूप देणारे जिथं पहिली नजर पडते तिथं हात घालतात, आणि पहिली नजर कधीच मधल्या सीटवर पडत नाही. २०१५ पासून क्रेटाचा चेहरा एवढा बदलला, पण मधे बसणाऱ्याची व्यथा आहे तशीच आहे. ही गोष्ट एका गाडीची नाही, जवळजवळ सगळ्यांची आहे.

म्हणून मी ताईच्या शेजारी जाऊन बसलो आणि परीक्षण तिथून सुरू केलं. जमेची बाजू: ताकद पुढच्या चाकांनाच असल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, त्यामुळे पायांखालचा उंचवटा फारसा नाही. दोन पाय दोन गावांना ठेवावे लागत नाहीत. एसीचे झरोके बरोबर समोर, गारवा पहिला मधल्यालाच. पण त्या झरोक्यांचा डबा गुडघ्यांच्या वाटेत. पाठीला टेकतो तो घडीचा हात, आणि घडीचा हात कितीही मऊ कपड्यात गुंडाळला तरी आपण हात असल्याचं विसरत नाही. खांद्यांसाठी महत्त्वाची ती गाडीची रुंदी. लोक तुलना करतात चाकांमधल्या अंतराची, म्हणजे पायांच्या जागेची. तिथं कुशाकचे २६५१ मिलिमीटर क्रेटाच्या २६१० ला हरवतात. पण रुंदीत कुशाक १७६०, क्रेटा १७९०. चौघांच्या घरानं पहिला आकडा बघावा, पाच जणांच्या घरानं दुसरा. तीन सेंटिमीटर म्हणजे फार नाही. पण कुंभार्ली घाटात डावीकडच्या वळणाला सून अंगावर येते आणि उजवीकडच्या वळणाला नात, तेव्हा तीन सेंटिमीटरची किंमत कळते.

भाच्याला मी सांगितलं, की फेरी मारायचीच असेल तर तू चालवू नकोस. विक्रेत्याला चालवू दे, ताईला पुढे बसव, आणि तू मागे मधे बस, आई बसते तिथं. एका बाजूला तुझे बाबा, दुसऱ्या बाजूला बायको, मुलगी तुझ्या मांडीवर नको, तिला माझ्याजवळ शोरूममध्ये ठेव. मुख्य रस्त्यानं जाऊ नका, गल्लीतून जा, सगळे गतिरोधक घ्या. भाच्याला हे पटलं नाही, पण मामाचा मान ठेवायचा म्हणून बसला. मी नातीबरोबर काचेच्या दारात उभा राहून बघत होतो. गाडी गेली. आम्ही दोघांनी शोरूमचा चहा घेतला, बिस्किटं संपवली.

परत आल्यावर भाचा उतरला तो पाठ चोळत. टर्बोचं नाव त्यानं काढलं नाही. “मामा, डिझेल ऑटोमॅटिक बघू या का? घाटात दणके कमी… म्हणजे गिअर बदलताना.” भावोजींनी विजयी मुद्रेनं माझ्या वहीकडे पाहिलं. सून टेप गुंडाळत म्हणाली, की खांबाला रबर लावून घेता येईल. मीही अंदाज दिला. घरात चौघंच असतील आणि शहरातच फिरणं असेल, तर साधं पेट्रोल आणि आयव्हीटी पुरे. पाच जण आणि घाट असेल, तर डिझेल. टर्बो घ्यायची तर हौस आहे म्हणून घ्यावी आणि तसं घरात कबूल करावं. सनरूफ नातीच्या वयावर ठरवावं. मुलं मोठी झाली की त्याचं पांघरूण कायमचं बंद होतं. प्रकार निवडताना दोन पडदे कमी पडले तरी चालतील, पण अडास मिळणार नसेल तर निदान रोज हायवेवर जाणाऱ्यानं जरा थांबून विचार करावा. बाकी फेब्रुवारी २०२४ मध्येच भारतात क्रेटांचा आकडा दहा लाखांवर गेला, तेव्हा सुटे भाग आणि ओळखीचा मेकॅनिक मिळायची चिंता नाही. चिंता एवढीच, की लग्नाच्या हॉलबाहेर पांढऱ्या क्रेटांच्या रांगेत आपली कुठली हे ओळखायला आरशाला लिंबू-मिरची बांधावी लागेल.

सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा भाच्याला आठवण झाली. “आई, तुला कशी वाटली?”

ताई अजून पुढच्या सीटवरच बसली होती. थंड हवेचा पंखा सीटमधून सुरू, पाय लांब केलेले, समोर सगळा रस्ता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिला गाडीत बसून पुढचं दिसत होतं. तिनं मान वळवून मागे एकवार नजर टाकली आणि शांतपणे निकाल दिला:

“छान आहे रे. मधे जागा तर ऐसपैस आहे.”

गाडीचं बुकिंग त्याच संध्याकाळी झालं. भावोजींच्या गुडघ्यांचं दुखणं खरं किती, यावर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे.